‘काहीतरी चांगलं द्या’ : ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वाचनालयांतील शिफारशीचा आढावा

वाचनालयाच्या देवघेवीच्या काउंटरवर सर्वांत जास्त वेळा होणाऱ्या मागणीत कुठल्याच पुस्तकाचे नाव नसते. ‘काहीतरी चांगलं द्या,’ एवढीच ती मागणी. कधी ती ‘आईला वाचायला हवंय, अक्षर मोठं असलेलं द्या’ अशी येते, कधी ‘जाडजूड नको, रडवणारं नको’ अशी, तर कधी नुसतीच ‘नवीन काय आलंय?’ अशी. संध्याकाळी सातची वेळ असते. लोकलमधून उतरून घरी जाताना सभासद वाटेत थांबलेला असतो आणि त्याच्या मागे आणखी चौघे उभे असतात. काउंटरवरच्या बाईंना उत्तर द्यायला अर्धे मिनिट मिळते. त्या अर्ध्या मिनिटात त्या जे पुस्तक पुढे करतात, त्यावर एका घरात पुढचे आठ-दहा दिवस काय वाचले जाणार हे ठरते. मराठी वाचनाबद्दल आपण एवढे लिहितो, बोलतो, संमेलने भरवतो. पण या अर्ध्या मिनिटाकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. ते पाहावे, विशेषतः कथा-कादंबरीच्या जोडीला चरित्र, इतिहास, विज्ञान, समाज या विषयांची पुस्तके तिथून घरोघर कशी जातात किंवा का जात नाहीत ते तपासावे, एवढ्यासाठी हा आढावा.

त्यासाठी ठाणे ते बदलापूर हा पट्टा निवडला, कारण वाचनालयाचे जवळपास सगळे नमुने इथे एका रेल्वेमार्गावर सापडतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे आणि त्यांचे सहकारी वि. भा. पटवर्धन यांनी ते उभे केले, तेव्हा मराठीत छापलेले पुस्तक नाहीसे होऊ नये ही त्यांची पहिली चिंता होती. ठाण्यातच नगर वाचन मंदिर आहे. डोंबिवलीत पुंडलिक पै यांची फ्रेंड्स लायब्ररी १९८६ पासून चालू आहे. ती खासगी असून सभासदांच्या वर्गणीवर चालते. बदलापुरात श्याम जोशी यांनी जुन्या आणि दुर्मीळ मराठी पुस्तकांचे ‘ग्रंथसखा’ उभारले. याखेरीज मंदिरांची, सोसायट्यांची, शाळांची लहान वाचनालये आहेतच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० साली झाले, डोंबिवलीत २०१७ साली. म्हणजे हा पट्टा वाचणाऱ्यांचा आहे याबद्दल वाद नाही. पुस्तकही आहे आणि वाचकही आहे, तेव्हा या दोघांच्या मध्ये कोण उभे आहे आणि त्या माणसाला आपण काय दिले आहे, एवढेच पाहायचे.

जुन्या संस्थांचा पिंड संग्रहाचा. त्यामुळे त्यांचे सगळे शास्त्र पुस्तक जपण्याभोवती वाढले: दाखल नोंदवही, क्रमांक, शिक्का, कपाट, वर्गीकरण. हे सगळे हवेच; ते नसते तर भाव्यांच्या काळातली पुस्तके आज हाताला लागली नसती. पण कपाटांच्या रचनेचा वाचकाच्या सवयीवर परिणाम होतो. कादंबऱ्यांचे कपाट एकीकडे, चरित्रे दुसऱ्या भिंतीला, इतिहास वरच्या मजल्यावर, विज्ञान सगळ्यांत मागे. जिथे मुक्तद्वार पद्धत आहे, तिथे सभासद आपल्या ओळखीच्या दोन कपाटांपुढे उभा राहतो आणि परत फिरतो. जिथे ती नाही, तिथे तो यादीवर बोट ठेवतो आणि यादीतही कादंबरीच पहिली असते. वीस वर्षे नियमाने वाचनालयात येणारा माणूस वीस वर्षे एकाच भिंतीपाशी वाचत राहू शकतो, आणि यात त्याचा काही दोष नाही. दुसऱ्या भिंतीपर्यंत त्याला कोणी नेलेच नाही.

नेणारा माणूस काउंटरवर असतो. कपाटे वेगळी असली तरी त्याच्या डोक्यात ती एकमेकांना लागून असतात. चांगला ग्रंथपाल शिफारस करतो तेव्हा तो विषयाच्या, काळाच्या किंवा नुसत्या सुराच्या धाग्याने एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातो. या धाग्यांचे मराठीतले वैभव मोठे आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके १९६७ साली आली. एका कादंबरीने कर्णाला घराघरांत नायक केले. दुसऱ्या पुस्तकाने त्याच कर्णाकडे, आणि कुंती, द्रौपदी, भीष्म यांच्याकडेही, समाजशास्त्राच्या कोरड्या उजेडात पाहिले. ‘युगान्त’ला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘मृत्युंजय’ आजही काउंटरवर थांबत नाही. ‘युगान्त’ मात्र पुष्कळ ठिकाणी ‘वैचारिक’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर उभे असते. ‘मृत्युंजय’ परत करायला आलेल्या सभासदाच्या हातात त्याच क्षणी ‘युगान्त’ द्यावे. आठवड्याने उशीर होतो, कारण कर्णाबद्दलचा ओलावा तोवर सुकलेला असतो. इरावतीबाईंचे सगळे त्याला पटणार नाही. काही सभासद चिडतीलही. पण चिडून केलेले वाचनही वाचनच असते आणि तो माणूस पुढच्या वेळी ‘व्यासपर्व’ मागायला येण्याची शक्यता पुष्कळ असते.

दुसरी जोडी कल्याणच्या मातीतली. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. त्यांचा जन्म १८६५ सालचा, म्हणजे तिथले वाचनालय सुरू झाले त्याच्या पुढच्याच वर्षी. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची. नाटक आणि २०१९ चा चित्रपट यांनी ती कथा नव्या पिढीपर्यंत पोचवली. कादंबरी वाचून झाल्यावर प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न येतोच: यातले खरे किती? त्या प्रश्नाचे उत्तर अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या चरित्रात आहे. पत्रे, कागदपत्रे, अमेरिकेतले संदर्भ शोधून लिहिलेले ते काम आहे. वाचकाच्या मनात प्रश्न ताजा असताना ते पुढे ठेवले, तर संशोधनग्रंथ हा शब्द ऐकून दचकणारा वाचकही तो हातात घेतो. कल्याणच्या वाचनालयात कल्याणच्या मुलीची ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी दिसावीत, असे मला मनापासून वाटते.

ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकाबद्दल तर ग्रंथपालाने अजिबात हताश होऊ नये. ‘तो दुसरं काही वाचत नाही’ अशी त्याच्याबद्दल तक्रार असते. पण हा वाचक मुळात इतिहासाचाच भुकेला असतो. त्याला तो गोष्टीच्या रूपात मिळाला, म्हणून तो तिथे थांबला. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) वाचून ज्याला झोप लागली नाही, त्याला त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ द्यावे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तल्या माधवरावांवर जीव जडलेल्याला गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’तला फक्त तेवढा भाग दाखवावा. सगळे खंड दाखवले तर तो पळेल. त्याला सत्तावनच्या काळात शिरायचे असेल तर गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे. १९०७ साली छापलेले हे प्रवासवर्णन कुठल्याही कादंबरीइतके वेगाने वाचून होते, आणि ते वरसईच्या एका भिक्षुकाने झाशीचा वेढा स्वतः पाहून लिहिलेले आहे हे कळले की वाचक हलतो.

ठाणे जिल्ह्याची स्वतःची एक जोडी आहे आणि ती फारशी दिली जात नाही, म्हणून तिचा आग्रह धरतो. महाराष्ट्र किसान सभेची परिषद १९४५ साली टिटवाळ्याला भरली होती. तिथे आलेले वारली पुढे तलासरी-डहाणूच्या रानात वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात आहे. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या हजारो लोकांना हे ठाऊक नसते. धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ ज्याने वाचली, त्याच्यासाठी हे पुस्तक अगदी पुढचे पाऊल आहे. त्याचप्रमाणे मिलिंद बोकील. त्यांच्या ‘शाळा’ या कादंबरीला वाट पाहावी लागते, पण त्याच लेखकाचे ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हे पुस्तक आपल्याच जिल्ह्याच्या आणि रायगडच्या माणसांबद्दल आहे, हे सांगणारा कोणी नसला तर ते कपाटातच राहते. लेखक तोच, भाषा तीच, म्हणून वाचकाची भीडही कमी. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचणाऱ्या मुलाला त्यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ देता येते, तेही याच वाटेने.

अशा जोड्या सांगू तितक्या कमी. त्या कुठे लिहून ठेवलेल्या नसतात, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. पंचवीस वर्षे देवघेव सांभाळलेली व्यक्ती निवृत्त होते, तेव्हा तिच्याबरोबर हे सगळे ज्ञान वाचनालयाच्या बाहेर जाते. पुस्तकाची एक प्रत गहाळ झाली तर नोंद होते. या ज्ञानाची नोंद होत नाही.

आता एक आक्षेप. ‘लोकांना कादंबऱ्याच हव्या असतात, बाकीची पुस्तकं देऊन उपयोग नाही,’ असे पुष्कळ कार्यकारिणींत ऐकायला मिळते. मला हे पटत नाही, आणि याचे उत्तर त्याच वाचनालयांत दरवर्षी मिळते: दिवाळी अंक योजना. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांची जात मिश्र आहे. एकाच अंकात कथा, कविता, एखादा दीर्घ लेख, मुलाखत, प्रवास, व्यक्तिचित्र, व्यंगचित्र. वेगळी वर्गणी भरून लोक ते नेतात, एक अंक परत करून दुसरा मागतात आणि हे दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत चालते. त्यात ‘लेख नको, फक्त कथा द्या’ असे कोणी म्हणत नाही. जो वाचक दिवाळी अंकात पंधरा पानांचा शेतीवरचा, धरणावरचा किंवा एखाद्या गायिकेवरचा लेख मन लावून वाचतो, तोच फेब्रुवारीनंतर ‘फक्त कादंबरी’वाला कसा होतो? त्याची रुची तीच राहते. बदलते ते एवढेच, की अंकात संपादकाने त्याच्यासाठी मिश्रण करून दिलेले होते आणि कपाटापुढे ते करून देणारा कोणी नसतो. लेख आवडला तर त्याच लेखकाचे पुस्तक मार्चमध्ये हातात द्यावे, एवढे केले तरी अर्धे काम होईल.

मासिकांचेही तेच झाले. ‘एक पुस्तक, एक मासिक’ ही आपल्या वाचनालयांची जुनी सभासदत्वाची रीत. कादंबरी पुस्तकाच्या जागेवर यायची आणि ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ अशा मासिकांतून विचार, विज्ञान, समाजसुधारणा घरात शिरायची. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. एकेक करून इतरांचीही रया गेली. मासिकाची जागा रिकामी झाली आणि तिथून येणारे ललितेतर वाचनही थांबले. या जागी काय द्यायचे याचा विचार फारच थोड्या ठिकाणी झाला. माझ्या मते उत्तर सोपे आहे: दुसरे पुस्तक, आणि ते पहिल्यापेक्षा वेगळ्या कपाटातले. पहिले सभासदाने निवडावे, दुसरे काउंटरने सुचवावे. नको असेल तर सभासदाने नाकारावे. त्याला पूर्ण मुभा असावी.

मिश्र पुस्तके निवडून देण्याचे काम मराठी माणसाने पूर्वी केलेले नाही असेही नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावले. तिथे जी ग्रंथालय-व्यवस्था उभी राहिली, तिच्यात गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. पेटीत जागा मोजकी, म्हणून निवड जबाबदारीने करावी लागे. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. त्यांचीही पेटीच. पंचवीसेक पुस्तके, वाचकांचा एक गट, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या दुबईपर्यंत गेल्या. पेटी एका गटाकडे येते म्हणून तिच्यात सगळ्यांसाठी काहीतरी ठेवावे लागते: कादंबरी, चरित्र, कविता, प्रवास, विनोद. शेवटी राहिलेले चरित्रही कोणीतरी उघडतेच, कारण पेटीत दुसरे काही उरलेले नसते. याउलट भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झाले, तिथे एकेका घरात एकेका प्रकारची पुस्तके आहेत. पाहुण्याला ते सोयीचे आहे आणि उपक्रमही देखणा आहे. पण रोजच्या वाचकासाठी मला पेटीची पद्धत जास्त उपयोगाची वाटते.

डोंबिवलीत फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक देऊन पुस्तक नेण्याचा जो उपक्रम चालवला, त्याला मिळणारी गर्दी पाहिली की या गावाच्या वाचनाबद्दल शंका उरत नाही. अशा ठिकाणी योगायोगाने विलक्षण पुस्तके हाताला लागतात. पण तिथे शिफारस करायला माणसे उभी केली, ‘हे आणलंत ना, मग ते घेऊन जा’ असे सांगणारी, तर त्याच गर्दीचे कितीतरी जास्त चीज होईल. एरवीही खासगी लायब्ररीत शिफारशीकडे जास्त लक्ष असते असे दिसते आणि त्याचे कारण उघड आहे: सभासदाला लागोपाठ तीन पुस्तके आवडली नाहीत तर तो वर्गणी बंद करतो.

जगात हे काम शास्त्र म्हणून उभे राहिले आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी वाचक-सल्लागार नेमले. ते वाचकाशी निवांत बोलत आणि त्याच्यासाठी वाचनाची वेगळी यादी करून देत. गंमत अशी, की तेव्हा सगळा भर प्रौढशिक्षणावर, म्हणजे ललितेतर पुस्तकांवर होता. कादंबरी सुचवणे कमी प्रतीचे समजले जाई. ती व्यवस्था पुढे मागे पडली. १९८० च्या दशकात ती परत आली तेव्हा कादंबरीच्या वाचकाला केंद्रस्थानी ठेवून. जॉइस सॅरिक्स आणि नॅन्सी ब्राउन यांचे या विषयावरचे पुस्तक १९८९ चे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, वाचकाला पुस्तकाचा विषय आवडतो त्यापेक्षा त्याची गती, माणसे, कथानकाची ठेवण, वातावरण आवडते. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हेच कथा, पात्रे, स्थळ आणि भाषा अशा चार दारांच्या रूपाने मांडले. हे मराठीला लावून पाहिले की कोडी सुटतात. शं. ना. नवरे डोंबिवलीचे, त्यांच्या कथांतली साधी, मध्यमवर्गीय, मनातल्या मनात गुंतलेली माणसे ज्याला आवडतात, त्याला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आवडणारच. विषयाचा काही संबंध नाही. दोन्हीकडे दार माणसांचे आहे. हे ज्याला उमगले, त्याला ललित आणि ललितेतर यांच्यातली भिंत फार उंच वाटत नाही.

आपल्याकडे रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यांतला एक. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन साजरा होतो, फोटोला हार घातला जातो. पण आपल्या प्रशिक्षण वर्गांत भर असतो तो वर्गीकरण, तालिकीकरण आणि नोंदवह्यांवर. सभासदाशी बोलायचे कसे, त्याने आवडले म्हणून सांगितलेल्या पुस्तकातून पुढचे पुस्तक कसे शोधायचे, याचा तास त्यात असायलाच हवा.

सगळ्यांत मोठी अडचण पैशाची आहे आणि ती आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, हा आपला अभिमानाचा वारसा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यात तमिळनाडू किंवा केरळसारखा ग्रंथालयांसाठीचा वेगळा कर नाही. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान आहे. दशकभर ते वाढले नव्हते. २०२२ साली सरकारने त्यात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजारांऐवजी ४८ हजार रुपये मिळू लागले. महिन्याला चार हजार. यात पुस्तके, वीज, वर्तमानपत्रे आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाचा पगार. मोठ्या शहरी संस्थांची स्थिती बरी असली, तरी तिथल्या सेवकांनाही दुसरीकडे मिळेल त्याहून कमीच मिळते. एवढ्या पैशात माणूस दारात उभा राहतो, पुस्तके पुसतो, नोंद करतो, दंड घेतो. त्याने शिवाय नवीन पुस्तके वाचून ठेवावीत अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? आणि ज्याने पुस्तक वाचलेले नाही तो शिफारस कशाच्या बळावर करणार? मग रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलेले, ‘ललित’ मासिकात नाव दिसलेले, किंवा नुकतेच कोणीतरी परत केलेले पुस्तक पुढे केले जाते. यात त्याची चूक नाही.

पुस्तकांचा पुरवठाही शिफारशीला नेहमी पोषक नसतो. शासनमान्य याद्या आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना यांतून लहान वाचनालयांना पुस्तके मिळतात, आणि ती नसती तर त्यांची कपाटे रिकामी राहिली असती. पण जे पुस्तक कोणी निवडून मागितलेले नाही, ते सुचवायलाही कोणी पुढे येत नाही. काउंटरवर सभासदांसाठी मागणी वही असते; तिच्या जोडीला सेवकाचीही एक वही हवी. सभासद काय विचारून रिकाम्या हाताने गेला, ही नोंद खरेदी समितीपुढे गेली पाहिजे.

एक गोष्ट मात्र पैशावर ढकलता येणार नाही. शिफारस करणाऱ्याचा आवाका अरुंद असला की मिश्रणही अरुंदच होते. आपल्या काउंटरांवरून ठरावीक नावे फिरतात. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० चे. दोन्ही ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वाचकांपर्यंत नेली आणि मराठी गद्याची दिशा बदलली. ती आज अभ्यासक्रमासाठी मागितली जातात; ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात आपणहून फार क्वचित ठेवली जातात. ‘त्यांना नाही आवडणार’ हा सेवकाचा अंदाज असतो आणि तो बहुधा कधी तपासलेला नसतो. कल्याण-डोंबिवलीत, उल्हासनगर-अंबरनाथमध्ये आता मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आलेली घरे आहेत, नव्याने वाचणारी मुले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या सभासदाची आवड डोळ्यांपुढे ठेवून त्यांना पुस्तक दिले तर ती दुसऱ्यांदा येणार नाहीत. वाचनालयांची घटती सभासदसंख्या हा रडगाण्याचा विषय झाला आहे. त्याचे एक कारण इथे आहे असे माझे ठाम मत आहे.

दुसरी टोकाची चूकही होते. वाचकाला ‘सुधारण्या’साठी पुस्तक देणे. हलके वाचणाऱ्या बाईंना एकदम जाडा वैचारिक ग्रंथ दिला तर त्या तो न उघडता परत करतील आणि पुढच्या वेळी काही विचारणारच नाहीत. रहस्यकथा वाचणाऱ्याला आधी न्यायवैद्यकावरचे, पोलीस तपासावरचे काही द्यावे. स्वयंपाकाची पुस्तके नेणाऱ्यांना खाद्यसंस्कृतीवरचे. बालविभागात तर ही भिंत नसतेच. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) मुले गोष्टीसारखेच वाचतात, ती खरी गोष्ट आहे हे कळले की दुप्पट आवडीने. भिंत आपण मोठेपणी बांधतो.

आंतरजालावरच्या विक्रीच्या ठिकाणांवर ‘तुम्हाला हेही आवडेल’ असे सुचवणारे यंत्र असते. ते आपल्या आधीच्या खरेदीसारखीच खरेदी पुढे करते. कादंबरीला कादंबरी, त्याच लेखकाला तोच लेखक. मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्याची माहिती आणखी तोकडी. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ टिटवाळ्याच्या वाचकाला सुचवावे, हे त्याला सुचणार नाही. तिथे गावचाच माणूस लागतो.

करता येण्यासारख्या गोष्टी फार महाग नाहीत. परत आलेल्या पुस्तकांसाठी दारापाशी एक टेबल, आणि त्यावर जोड्या मांडलेल्या: कादंबरी आणि तिच्या शेजारी चरित्र. दर महिन्याला सेवकांनी स्वतः वाचलेल्या पाच पुस्तकांची यादी, त्यांच्या नावानिशी, फळ्यावर. पाचांत किमान दोन ललितेतर. प्रत्येक सेवकाला आठवड्यात दोन तास वाचनासाठी, पगारी. देवघेवीच्या संगणकात पुस्तकाच्या नोंदीपुढे ‘यानंतर काय’ असा एक रकाना, जो काउंटरवरच्या माणसाने भरायचा आणि त्याच्या मागून येणाऱ्याने पुढे न्यायचा. यातले शेवटचे काम आजच सुरू झाले, तर आज साठीला टेकलेल्या ग्रंथपालांचे ज्ञान वाचेल. पाच वर्षांनी ते करायला माणसे उरणार नाहीत.

सभासदांनीही एक करावे. पुस्तक परत करताना ते नुसते काउंटरवर ठेवून निघून जाऊ नका. काय आवडले, कुठे कंटाळा आला, हे दोन वाक्यांत सांगा. त्यावाचून समोरच्याला पुढचे पुस्तक काढता येत नाही. आणि पावसाळ्यात आपल्या वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असेल, तिथे जरूर जा. बहुतेक सभांना गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावे लागते, इतकी हजेरी कमी असते. ताळेबंदाचा कागद हातात येईल, त्यात इमारत दुरुस्ती, ग्रंथखरेदी, कार्यक्रम असे रकाने दिसतील. सेवकांच्या पगारावर किती आणि त्यांच्या प्रशिक्षणावर किती, हे उभे राहून विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.